पाचवं अक्षर

बांबोळीला, तिसऱ्या मजल्यावर,
शाबा पागी नातवाच्या पिशव्या मोजतो.
रक्ताच्या. ही एकशे बारावी.
बेतूलहून पहाटेची बस, डब्यात पेज नि खारं,
आणि अर्चितच्या हाताला चाळा म्हणून सुतळीचा तुकडा.

"बाय, कागदार कितें बरयलां?"
मी अहवाल घेऊन उभी.
त्यात लिहिलंय : पहिला इंट्रॉन, पाचवं अक्षर,
जी-च्या जागी सी.
हे कुठल्या भाषेत सांगू?

म्हटलं, काका, दोराचंच घ्या.
जनुकाची नक्कल निघते ती लांबच लांब,
मधे न लागणारे तुकडे घेऊन.
रक्ताच्या या जनुकात असे दोन,
पहिला एकशे तीस अक्षरांचा.
ते कापायचे, चांगली टोकं जुळवायची,
मगच केंद्रकाच्या दारातून बाहेर.
मानशीची फळी उचलल्याशिवाय
खाजनात पाणी येतं का?

तो म्हणाला, सांधा.
हो, सांधा.

कापणारं यंत्र लहान नाही.
शंभरावर प्रथिनं, पाच छोटे आरएनए,
जी-यू पासून ए-जी पर्यंत बोट ठेवून वाचणारे.
शेवटाजवळचं एक ए मागे वळतं,
तुकड्याचं पहिलं टोक पकडतं,
फास पडतो,
आणि फासासकट तुकडा गळून जातो.

सगळ्यांकडे असं नसतं, मी सांगतच सुटले.
साळ नदीच्या गाळातले जीवाणू घ्या.
केंद्रक नाही, दार नाही, थांबणं नाही.
नक्कल अजून निघतेय
तोवर पुढच्या टोकाला प्रथिन विणायला सुरुवात :
रापण अर्धी पाण्यात
आणि पहिल्या टोपलीचा लिलाव संपलेला.
कापाकापी जवळजवळ नाहीच.
क्वचित एखादा आगंतुक तुकडा सापडतो,
तो आपला आपणच कापून बाजूला होतो,
ना सुरी, ना सुरी धरणारा.
आपलं हे शंभर हातांचं यंत्र
अशाच हट्टी तुकड्यांचं वंशज, असं मानतात.

"मागीर आमकां कित्याक इतलो व्याप?"
कारण कापायची जागा बदलली
की त्याच नकलेतून स्नायूत एक प्रथिन, मेंदूत दुसरं.
त्याने मान हलवली.
एकाच दोरातून होडीचा, नांगराचा, पाळण्याचा.

मग ज्याची भीती होती तेच विचारलं.
चूक कुठे आहे?
टाकायच्या तुकड्यात.
जो टाकायचाच आहे?
हो.
मग तो चुकला तर माझ्या पोराचं काय बिघडलं?

खाली एक रुग्णवाहिका टीं टीं करत मागे येत होती.
माझी तीन वाक्यं पाठ होती, एकही येईना.
त्यानेच अर्चितच्या हातातून सुतळी घेतली,
कुजका भाग शोधला,
अंगठ्याच्या नखाने त्यावर रेघ ओढली,
आणि थांबला.

खूण, तो म्हणाला,
आम्ही टाकायच्या बाजूलाच करतो.
चांगल्या दोरावर कोण ओरखडा काढील?

हो काका. खूण पुसट झालीय.
यंत्र दर वेळी चुकतं असंही नाही.
बहुतेकदा भलतीकडे कापतं, कधीमधी बरोबर.
त्या कधीमधीवर भागत नाही,
म्हणून ही पिशवी.

एक अक्षर आईकडून, एक बापाकडून,
दोघंही ठणठणीत.
बापाला ते कुठल्या घरातून आलं असेल
हे मी बोलले नाही.
तोही आपल्या हाताकडे बघत बसला,
मनगटावरच्या शिरेकडे.

मग सुतळी दाताने तोडली, दोन ठिकाणी.
सुळा नव्हता, बोटांनीच पेड उलगडले,
एकमेकांत घातले, पीळ दिला,
पोराला म्हणाला, ओढ.

अर्चितने सुई नसलेल्या हाताने ओढून पाहिली.
टिकली.

कुजका तुकडा शाबाने
टोपलीत टाकता टाकता खिशात ठेवला.